आठ घंटा आणि एक पियानो : वाचकांचे प्रश्न

या खेपेची बहुतेक पत्रं हँडबेलचा छोटा संच पियानोबरोबर कसा बसवायचा याबद्दलची आहेत. उत्तरांत सुरांची नावं पाश्चात्त्य पद्धतीची आहेत. सी म्हणजे पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, याप्रमाणे. नावापुढचा आकडा सप्तकाचा. पियानोच्या मधल्या सीला सी4 म्हणतात, त्याच्या वरच्या सप्तकातला सी म्हणजे सी5.

प्रश्न : आमच्या चर्चच्या मुलांसाठी आठ हँडबेल मिळाल्या आहेत, सी5 ते सी6, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या. वाजवणारी मुलं चार. नाताळात ‘सायलेंट नाइट’ पियानोबरोबर वाजवायचं आहे, पण तिसऱ्याच बारला (तालाच्या खणाला) सूर संपतात. दुसऱ्या पट्टीत घेतलं तर जमेल का? (वसई)

उत्तर : नाही जमणार. ग्रूबरने 1818 मध्ये बांधलेल्या या चालीचा पल्ला एका सप्तकाहून मोठा आहे. सी मेजरमध्ये लिहिली, तर खालच्या सीपासून वरच्या एफपर्यंत अकरा सूर लागतात. तुमच्याकडे आठ आहेत. कुठल्याही पट्टीत नेली तरी ती आठात बसणार नाही, आणि पट्टी बदलली की काळ्या पट्टीच्या घंटा लागतील त्या वेगळ्याच. तेव्हा सी मेजरच ठेवा आणि चाल घंटा आणि पियानो यांच्यात वाटून घ्या.

कागदावर बारांचे आकडे घालून प्रत्येकाखाली लागणारे सूर लिहून काढा. सहा-आठच्या ठेक्यात हे गाणं 12 बारांचं आहे. (तुमच्या पुस्तकात तीन-चारमध्ये 24 बार असतील, तर दोन-दोन बार एकत्र धरा.) मग दिसेल की अडचण फक्त तीन बारांत आहे. तिसऱ्या बारात वरचा डी लागतो, नवव्यात वरचे डी आणि एफ, दहाव्यात वरचा ई. उरलेले नऊ बार तुमच्या आठ घंटांत पूर्ण बसतात. त्या तीन बारांत चाल पियानोच्या उजव्या हाताला द्या आणि घंटांनी बाराच्या सुरुवातीला फक्त आधाराचे सूर वाजवावेत. तिसऱ्या बारात जी आणि बी, नवव्यात जी आणि डी, दहाव्यात सी आणि जी. नवव्यात बी मुद्दाम टाळला आहे. पियानो तिथे एफ वाजवतो आणि बीच्या घंटेशी त्याचं पटत नाही. कारण पुढच्या एका उत्तरात येतं आहे.

वाटणी डावीकडून उजवीकडे अशी करा: पहिल्याकडे सी आणि डी, दुसऱ्याकडे ई आणि एफ, तिसऱ्याकडे जी आणि ए, चौथ्याकडे बी आणि वरचा सी. वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर खालचा सूर डाव्या हाताला येतो. असं वाटल्यावर लगेच लक्षात येईल की पहिल्या आठ बारांत सगळं काम तिसऱ्या आणि चौथ्या मुलाकडे जातं. दुसऱ्याला मधूनमधून एखादा ई येतो आणि पहिला नुसताच उभा राहतो. नुसतं उभं राहिलेलं मूल मोजणं सोडून देतं आणि अकराव्या बारात, जिथे चौघंही लागतात, तिथे हमखास चुकतं. म्हणून पहिल्याला पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ते आठव्या बाराच्या पहिल्या मात्रेला खालचा सी द्या. पाचव्या आणि सातव्या बारात कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) एफची असते, पण सी तिच्यातही असतोच, त्यामुळे हा सूर कुठेही खटकत नाही. पाया बांधला जातो आणि त्या मुलाला प्रत्येक बार मोजावाच लागतो.

सुरुवातीलाच एक अवघड जागा आहे. जी दीड मात्रा, ए अर्धी, पुन्हा जी एक, आणि मग ई तीन मात्रा. मधला ए एकाच मुलाच्या दुसऱ्या हातात आहे. तो वाजवून लगेच खांद्याला टेकवला नाही, तर पुढच्या जीवर आणि ईवर तो रेंगाळत राहतो आणि चाल धुरकट होते. हा एवढाच तुकडा पियानोशिवाय, मिनिटाला 90 मात्रांच्या चालीने बसवून घ्या. नीट बसल्यावर 120 वर न्या.

पियानोने शेवटचे दोन बार आधी एकट्याने वाजवून सुरुवात करून द्यावी. मुलांना लय आणि सूर दोन्ही त्यातून मिळतात.

पुढे कधी घंटा घ्यायच्या झाल्या, तर आधी एफ शार्प आणि बी फ्लॅट या काळ्या पट्ट्यांच्या घंटा घ्या. त्या दोन आल्या की जी आणि एफ या दोन्ही पट्ट्या उघडतात. वरचे डी, ई, एफ त्यानंतर.

प्रश्न : आम्ही घंटांच्या कागदावरचेच सूर पियानोच्या उजव्या हाताने वाजवतो. लिहिलेलं तेच असूनही दोन्ही एकत्र आले की नुसता गोंगाट होतो, चाल ऐकूच येत नाही. (पुणे)

उत्तर : कागदावर तेच असलं तरी कानावर तेच पडत नाही. हँडबेलचे सूर लिहिले जातात त्यापेक्षा एक सप्तक वर वाजतात. सी5 ही घंटा कागदावर मधल्या सीच्या जागी, म्हणजे पाच रेघांच्या खालच्या छोट्या रेघेवर लिहितात, पण तिचा आवाज 523 हर्ट्झचा असतो. पियानोवाला तोच कागद बघून मधला सी वाजवतो तेव्हा 262 हर्ट्झ येतात. म्हणजे तुमची चाल दोन सप्तकांत एकाच वेळी वाजते आहे, आणि वरून कॉर्डही तिथेच भरलेल्या असणार.

पियानोचा दोन्ही हातांचा भाग मधल्या सीच्या आसपास आणि त्याच्या खाली ठेवा. उजवा हात वर फार तर जी4 पर्यंत जाऊ दे. त्याच्या वरची जागा घंटांची. चाल घंटांकडे असेल, तेव्हा पियानोने चाल वाजवूच नये. घंटांची चाल कच्ची वाटते म्हणून पियानो मदतीला येतो आणि घंटा ऐकूच येईनाशा होतात. कच्ची असेल, तर सराव वाढवा.

पेडलकडेही बघा. घंटा वाजवणारा प्रत्येक सूर खांद्याला टेकवून थांबवतो, पण पियानोवाल्याने पेडल बारभर दाबून ठेवलं, तर मागचा सूर पियानोतून येतच राहतो. कॉर्ड बदलली की पेडल सोडून पुन्हा घ्यायचं. ज्या जागी घंटा मुद्दाम घुमू द्यायच्या असतात (कागदावर एलव्ही, म्हणजे ‘घुमू द्या’, असं लिहिलेलं असतं), तिथे उलट पियानोने पेडल कमी करावं. दोन्ही एकदम घुमले, तर कानाला धरायला काहीच उरत नाही.

प्रश्न : एकेक घंटा सुरेल वाजते. पियानोवरची कॉर्डही सुरेल आहे. तीच कॉर्ड घंटांवर वाजवली की आंबट लागते. घंटा बेसूर आहेत का? (मडगाव)

उत्तर : घंटा बेसूर नाहीत. प्रत्येक घंटेत दोन सूर आहेत, हे त्याचं कारण.

इंग्लिश पद्धतीची हँडबेल घडवताना तिचा मूळ सूर आणि त्याच्या वरचा बारावा, म्हणजे एक सप्तक आणि वर पंचम, असे दोन्ही सूर लेथवर जुळवलेले असतात. सीच्या घंटेत वरचा जी ऐकू येतो. रिकाम्या खोलीत सी जोरात वाजवून कान द्या, दोन सेकंदांत सापडेल. आता सी, ई, जी ही साधी कॉर्ड घ्या. सीतून जी येतो, ईतून बी, जीतून डी. तीन घंटा वाजवल्या आणि पाच सूर आले. त्यातला बी वरच्या सीला घासतो. जी-सेव्हन या कॉर्डमध्ये (जी, बी, डी, एफ) तर बीच्या घंटेतून एफ शार्प निघतो आणि शेजारी एफ वाजत असतो. तोच तुमचा आंबटपणा. पियानोच्या तारेतही हे वरचे सूर असतात, पण मूळ सुरापुढे ते एवढे उघडे पडत नाहीत.

म्हणून घंटांना पूर्ण कॉर्ड देऊ नका. सी5 ते जी5 या खालच्या भागात सप्तक आणि पंचम एवढंच ठेवा: सी आणि जी, डी आणि ए. तिसरा सूर, म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर हे ठरवणारा, पियानोच्या मधल्या भागात ठेवा. सी6 च्या वर घंटा असतील, तर तिथे तिसऱ्या सुराची जोडी चालते, कारण लहान घंटा लवकर विरतात. बी आणि एफ ही जोडी मात्र कुठेच एकत्र वाजवू नका.

जुना संच विकत घेताना एक तपासा. हॉलंडच्या पेटिट अँड फ्रिट्सनच्या हँडबेलमध्ये वरचा सूर बारावा नसून सप्तकावरचा मायनर तिसरा असतो. त्या संचात इंग्लिश किंवा अमेरिकन घंटा मिसळल्या, तर मूळ सूर जुळूनही रंग जुळत नाही.

प्रश्न : एकदा वाजवलं तरी दोन ठोके ऐकू येतात. शिवाय घंटा पियानोच्या मागे पडतात. (नाशिक)

उत्तर : आधी दोन ठोक्यांचं बघू. हँडबेलचा लोलक सगळीकडे हेलकावत नाही, तो एकाच रेषेत मागे-पुढे जातो आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा त्याला घंटेच्या भिंतीपासून थोडा दूर धरून ठेवतात. पुढे ठोका पडल्यावर लोलक मागच्या भिंतीवरही आदळला, तर दुसरा ठोका येतो. तुमची एकच घंटा असं करत असेल, तर तिची स्प्रिंग सैल झाली आहे. स्प्रिंगेचा स्क्रू पाव फेरा आवळा, वाजवून बघा, लागलं तर आणखी पाव. जास्त आवळलीत, तर हळू वाजवताना लोलक पोचतच नाही. सगळ्याच घंटा असं करत असतील, तर दोष मनगटाचा आहे. मुलं आंब्याची फांदी हलवल्यासारखा झटका देतात. घंटा खांद्याजवळ तोंड वर करून उभी धरायची, हात पुढे आणि किंचित वर न्यायचा आणि अगदी शेवटी मनगटाचा लहान झटका. ठोका पडल्यावर हात गोल फिरवून घंटा परत खांद्याकडे.

घंटेला हँडल जोडणारा स्क्रू सैल असला की खरखर येते. ती वेगळी तक्रार आहे, दोन ठोक्यांशी गोंधळ करू नका.

आता मागे पडण्याबद्दल. पियानोची पट्टी दाबली की सूर लगेच येतो. घंटेत आधी हात निघतो, मग लोलक निघतो आणि मग ठोका पडतो. मात्रेला हात निघाला, तर ठोका मात्रेनंतरच येणार. घंटा जितकी मोठी, तितका उशीर जास्त. मुलांना ‘मात्रेच्या आधी हात निघाला पाहिजे’ एवढंच सांगा, आणि पियानोवाल्याला अशा जागी बसवा की त्याला मुलांचे हात दिसतील. कानाने ऐकून साथ केली, तर तो घंटांची वाट बघतो, घंटा त्याची वाट बघतात आणि लय प्रत्येक बाराला थोडी थोडी खाली येते. हात बघून साथ केली, तर हे होत नाही.

एकच सूर भराभर चार-पाच वेळा आला, तर तो हाताने वाजवू नका. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत अर्ध्या मात्रेचे सूर एकाच घंटेवर स्वच्छ येत नाहीत. तिथे घंटा हातात न घेता फोमवर आडवी ठेवून मॅलेटने (गोल डोक्याच्या काठीने) वाजवा, किंवा त्याऐवजी एकच लांब सूर घेऊन घंटा हलवत राहा, म्हणजे शेक करा.

प्रश्न : चर्चचा पियानो जुना आहे. पावसाळ्यात ट्यून करून घेतला होता, तरी घंटांबरोबर थरथर येते. घंटा थोड्या उतरवून घेता येतील का? (अहिल्यानगर)

उत्तर : घंटा उतरवू नका. ते काम कारखान्यात लेथवर होतं आणि खरवडलेला धातू परत येत नाही. घंटा एकदाच घडते, ए 440 हर्ट्झला धरून. हलवायचा असेल तो पियानोच.

सी5 ची घंटा आणि पियानोवरचा सी5 एकत्र वाजवून थरथर मोजा. सेकंदाला सहाच्या आसपास थरथर असेल, तर पियानो 435 हर्ट्झच्या जवळ आहे, म्हणजे सुमारे 20 सेंट खाली (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). सी6 ला तीच थरथर दुप्पट, सेकंदाला बाराच्या घरात जाते, म्हणून वरच्या घंटा जास्त बेसूर वाटतात. पावसाळ्यात ट्यून करून घेतला हेच चुकलं. दमट हवेत पियानोचा साउंडबोर्ड फुगतो आणि तारा चढतात. थंडीत हवा कोरडी झाली की तो बसतो आणि सूर उतरतो. नाताळसाठी ट्यूनिंग नोव्हेंबरच्या शेवटी करून घ्या, आणि ट्यूनरला आधीच सांगा की 440 ला आणायचा आहे. 20 सेंट चढवायचे, तर एका खेपेत टिकत नाहीत. एकदा वर ओढून, आठवड्याभराने पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. फार जुन्या तारा असल्या, तर ट्यूनर नको म्हणेल, आणि त्याचं ऐका. त्या कार्यक्रमापुरता 440 वर लावलेला डिजिटल पियानो घ्या.

प्रश्न : मी इथल्या हँडबेलच्या वाद्यवृंदात वाजवते. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात चार जणींनी भूपातली एखादी धून पियानोबरोबर वाजवायची इच्छा आहे. (पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : भूप घंटांना मानवतो. सी हा सा धरलात, तर सा रे ग प ध सां या सहा घंटा, आणि मंद्र धैवतासाठी ए4. सात घंटा चौघींना पुरतात. मंद्र ध हवाच, ‘सा ध़ सा रे ग’ हे वळण त्याच्याशिवाय होत नाही. मात्र मींड घंटेवर येत नाही. हवेत फिरवून आवाजाला हेलकावा देता येतो, पण सुरावरून सुरावर घसरता येत नाही. म्हणून मींडेवर उभी असलेली बंदिश घेऊ नका, सरळ उभ्या सुरांची, आठ मात्रांच्या केरव्यात बसणारी धून घ्या. लय मध्याच्या आतच ठेवा.

पियानोने कॉर्ड वाजवू नयेत. सी3 आणि जी3 हे दोनच सूर तंबोऱ्यासारखे, पहिल्या आणि पाचव्या मात्रेला, हळू. इथे घंटेचा बारावा सूर तुमच्या मदतीला येतो. साच्या घंटेतून आपोआप पंचम निघतो, रेतून ध, पमधून रे, धमधून ग. सगळे भूपातलेच. एकच अपवाद: गंधारातून शुद्ध निषाद निघतो, आणि तो भूपात वर्ज्य. गंधार तर वादी, तो टाळता येणार नाही. त्यासाठी त्या एका घंटेचा लोलक मऊ बाजूला फिरवा (तुमच्याकडच्या बऱ्याच घंटांत मऊ, मध्यम आणि कडक अशी सोय असते). मऊ ठोक्याने वरचा सूर दबतो. इतर सहा घंटा दोन आवर्तनं घुमू दिल्यात तरी चालतील, गंधार तेवढा प्रत्येक वेळी थांबवा. आणखी एक: समतुल्य स्वरांतराचा (पियानोसारखा सारख्या अंतरांवर जुळवलेला) हा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. पियानोशी तो जुळलेलाच राहील, पण त्याबरोबर कुणी गाणार असेल, तर तिला आधी ऐकवा.

हँडचाइम्स मिळत असतील, तर गंधार आणि मंद्र धैवत त्यांवर वाजवून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत वरचे सूर फारच कमी असतात, निषादाचा प्रश्नच मिटतो. कागदावर त्या घंटांसारख्याच लिहितात. घंटेची स्प्रिंग किंवा लोलकाचं टोक बदलायचं असेल, तर तुम्ही योग्य राज्यात आहात. शुलमरिक आणि मालमार्क, दोघांचेही कारखाने पेनसिल्व्हेनियातच उभे राहिले.

प्रश्न : हातमोजे घालायलाच हवेत का? आणि घंटा टेबलावर आपटून वाजवतात ते आम्ही केलं, तर चालेल? (डोंबिवली)

उत्तर : हातमोजे हवेत. घंटा काशाची असते, सुमारे चार भाग तांबं आणि एक भाग कथील. घामाचे डाग तिच्यावर काळे पडतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत लवकर पडतात. पातळ सुती मोजे पुरेत. सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. चिंच किंवा पितांबरी लावू नका, ती लोलकाच्या सांध्यात आणि हँडलच्या चामड्यात जाऊन बसते.

आपटून वाजवणं, म्हणजे मार्टेलाटो, फक्त फोमवर. टेबलावर साधारण 10 सेंटिमीटर जाड फोम, वर कापड. घंटा आडवी धरून पूर्ण अंगाने फोमवर टेकली पाहिजे. नुसती कड आधी लागली, तर घंटेला तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली घंटा दुरुस्त होत नाही. उघड्या टेबलावर किंवा सतरंजीवर कधीच नाही. सी6 आणि वरच्या लहान घंटांवर हा आवाज किरकोळच येतो. तिथे अंगठा घंटेच्या बाहेरून लावून वाजवा, तसाच तुटक सूर धोक्याशिवाय मिळतो.